शंका-समाधान : कादंबरीसाठी नवी भाषा कशी घडवायची?

कथा-कादंबरीसाठी, नाटकासाठी स्वतःची भाषा घडवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकात मिसळली आहेत, लांबलेल्या पत्रांना कात्री लावली आहे.

प्रश्न : माझ्या कादंबरीतल्या डोंगरराज्यासाठी तीनशे शब्दांची यादी केली आहे. पण वाक्य लिहिलं की मराठीच वाटतं. उदाहरणार्थ, 'झो मिरगात दलतो' म्हणजे 'मी जंगलात जातो'. चुकतं कुठं?
— एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)

उत्तर : झो, मिरग, दल हे तीन तुकडे तुमचे आहेत. 'आत' आणि 'तो' हे मराठीचे. वाक्याचा सांगाडा तोच ठेवून वरचं कापड बदललं आहे. लहानपणी 'तू कुठे जातोस'चं 'चतू चठेकु चतोसजा' करतात, त्यातलाच हा प्रकार. महानुभावांची सकळ लिपीही याच जातीची : अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं, आत शुद्ध मराठी. ती कुलपं आहेत. किल्ली सापडली की संपलं.

प्रत्ययही नवे केले, 'आत'चं 'उक' आणि 'तो'चं 'एन', तरी काम अर्धंच होतं. 'झो मिरगुक दलेन' ऐकायला परकं आहे, पण मराठी जिथं सांधते तिथंच हीही सांधते. सांधे हलवा. समजा, तुमच्या भाषेत क्रियापद आधी येतं. मग 'आत' हा अर्थ नामाच्या मागे चिकटण्याऐवजी पुढे येणं स्वाभाविक, कारण क्रियापदाने वाक्य सुरू करणाऱ्या भाषांत असे शब्द जवळपास नेहमी नामाच्या आधी असतात. भाषाशास्त्रज्ञ ग्रीनबर्ग यांनी 1963 साली तीस भाषा तपासून असे 45 नियम मांडले होते, त्यांतला हा एक. आता वाक्य झालं : 'दलेन झो उक मिरग'. इथं मराठीचा सांगाडा मोडला.

पुढचा सांधा लिंगाचा. 'जातो' म्हणताच जाणारा पुरुष आहे हे मराठीत कळतं. तुमच्या भाषेला ते कळवायची गरज आहे का? त्याऐवजी ती दुसरंच काही कळवू शकते. आपण 'तो गेला म्हणे' म्हणतो. ते 'म्हणे' ऐच्छिक आहे. तुर्की भाषेत ऐकीव किंवा अंदाजाने कळलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाला प्रत्ययच आहे. तुमच्याकडे 'दलेन' म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं जाणं आणि 'दलेश' म्हणजे कानावर आलेलं, असं सक्तीचं करा. मग खोटं बोलणारा साक्षीदार नुसत्या प्रत्ययावरून पकडता येतो. व्याकरण कथेच्या कामी येतं ते असं.

मराठीचा एक सांधा लिहिणाऱ्याला स्वतःला दिसतच नाही, म्हणून वेगळा सांगतो. 'ती आंबा खाते' यात क्रियापद तिच्याप्रमाणे चालतं. 'तिने आंबा खाल्ला' यात आंब्याप्रमाणे. नवी भाषा करणारे मराठी लोक भूतकाळात नकळत हेच करून ठेवतात. ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, फक्त ठरवून ठेवा.

तीनशे शब्दांची यादी सध्या बाजूला ठेवा आणि वीस वाक्यं घ्या, पण अवघड सांध्यांची : माझ्याजवळ बंडी आहे. मला भूक लागली. बैलाला पाणी पाज. पाऊस येऊन राहिला. कोणीच आलं नाही. जो पेरतो तो कापतो. तू आला असतास तर बरं झालं असतं. 'माझ्याजवळ आहे' यासाठी कित्येक भाषांत एकच क्रियापद असतं, मराठीत नाही. 'मला भूक लागली' यात भुकेला कर्ता करायचं की माणसाला? पिणे-पाजणे ही जोडी प्रत्ययाने करायची की दोन वेगळे शब्द? ही वीस वाक्यं बसली की व्याकरणाचा मोठा भाग उरकला. शब्द नंतर लागतील तसे पाडता येतात.

प्रश्न : ध्वनी किती घ्यावेत? माझे दुष्ट सैनिक कठोर वाटावेत म्हणून मी ख, घ, ढ, भ भरपूर वापरले आहेत, पण मैत्रिणी वाचताना हसतात.
— एक विद्यार्थिनी, कारंजा लाड (जि. वाशीम)

उत्तर : हसणारच. घर, भाकर, ढेप, खळं हे आपले घरचे आवाज. इंग्रजी वाचकाच्या कानाला ख-घ परके, म्हणून तिकडच्या कथांत ते राक्षसांच्या तोंडी शोभतात. मराठी कानाला परकं काय आहे ते आपणच शोधायला हवं. मराठी शब्द ळ, ण किंवा ङ ने सुरू होत नाही. तुमच्या एखाद्या सेनापतीचं नाव ळोमिर ठेवून पाहा. किंवा 'म्तारे', 'ल्कून' अशी सुरुवात करा. यांतली एकच खोड घ्या. दोन घेतल्या की वाचक नाव वाचायचं सोडतो आणि नुसतं पहिलं अक्षर ओळखून पुढं सरकतो.

आकड्यांचं म्हणाल तर जगातल्या भाषांत व्यंजनांची सरासरी बाविसाच्या आसपास आहे. हवाईच्या भाषेत ती आठच आहेत. कादंबरीला चौदा व्यंजनं आणि पाच स्वर पुष्कळ झाले. चौदा गुणिले पाच म्हणजे सत्तर साधी अक्षरं. अक्षराच्या शेवटी न, र, ल, स यांपैकी एखादं येऊ शकतं किंवा काहीच येत नाही असं ठरवलं, की 350 होतात. दोन-दोन अक्षरांचे शब्द धरले तर 1,22,500. कमी पडायची भीती नाही.

निवड मात्र सुट्या अक्षरांची करू नका, ओळींची करा. ब आणि ग आहेत आणि द नाही, हे खटकतं. पण ख-घ-थ-ध-फ-भ ही महाप्राणांची सगळी रांगच नाही, किंवा ट-ड-ण-ळ नाहीत, हे नैसर्गिक वाटतं. एक अख्खी रांग काढून टाकणं हाच मराठी वाचकाला परकेपणा जाणवून देण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय.

आता देवनागरीच्या खोड्या. शब्दाच्या शेवटचा 'अ' मराठी वाचक म्हणत नाही. 'तमर' लिहिलं तर तो 'तमर्' वाचणार, तुम्हाला काहीही अभिप्रेत असो. म्हणून तुमच्या भाषेत शब्दान्ती 'अ' नाहीच, असा नियम करून टाका. मधला 'अ'सुद्धा गळतो : आपण सरडा लिहितो आणि सर्डा म्हणतो, तसंच 'तमरा'चं 'तम्रा' होईल. 'तमारा' लिहिलं तर वाचनात फरक पडत नाही. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'जरा थांब' मधला ज वेगळा, म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधला, म्हणजे तालव्य, वेगळा. नवा शब्द समोर आला की वाचक मनाला येईल तो उच्चार करतो. नंतर इ किंवा ए असेल (चि, जे) तर मात्र तो बहुधा तालव्यच करतो, तेव्हा च-ज तेवढ्याच जागी वापरा. अनुस्वार टाळा, 'तंसा' न लिहिता 'तन्सा' लिहा. आणि क'थार, म'लून असली मधली टिंबं-स्वल्पविरामं काढून टाका. त्यांना मराठीत आवाजच नाही.

प्रश्न : माझ्या कथेत हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत आणि आजची बोली आहे. दोन्हींसाठी वेगवेगळे शब्द केले, पण दोन्ही एकाच घरच्या वाटत नाहीत. काय करून पाहू?
— एक शिक्षक, मूर्तिजापूर (जि. अकोला)

उत्तर : दोन याद्या करायच्या नसतात. जुनी एक करायची आणि नवी तिच्यातून काढायची. हस्त-हात, सप्त-सात, कर्ण-कान, दुग्ध-दूध, भक्त-भात या जोड्या ओळीने मांडा, नियम आपोआप दिसेल : जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन गेलं आणि मागचा स्वर लांबला. तुमच्याच गावात प्रमाण मराठीचा 'काळा' 'काया' होतो, 'डोळा' 'डोया' होतो, 'पाणी' 'पानी' होतं. एखाद-दुसऱ्या शब्दाची ही गोष्ट नाही. ध्वनी बदलतो तेव्हा तो सगळीकडून बदलतो.

चार नियम घेऊ. पहिला : दोन स्वरांच्या मध्ये आलेले प, त, क यांचे ब, द, ग होतात. दुसरा : नंतर इ किंवा ए असेल तर क-ग यांचे च-ज होतात. तिसरा : जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन गळतं, मागचा स्वर दीर्घ होतो. चौथा : शब्दाच्या शेवटचा स्वर गळतो.

जुना शब्द 'सुकिरा' घ्या. पहिल्या नियमाने सुगिरा, दुसऱ्याने सुजिरा, चौथ्याने सुजिर. 'दस्मू'चा तिसऱ्याने दामू, चौथ्याने दाम. 'पलातो'चा पलादो, मग पलाद.

क्रम बदलला की शब्द बदलतो, आणि गडबड बहुतेक इथंच होते. 'सुकिरा'ला दुसरा नियम आधी लावला तर सुचिरा होईल. पहिल्या नियमात च नाही, त्यामुळे शेवट सुचिर वर. 'पलातो'चा शेवटचा स्वर आधीच गाळला तर 'पलात' उरतं, त दोन स्वरांच्या मध्ये राहत नाही, त्याचा द होत नाही. तेव्हा नियमांना अंक द्या आणि प्रत्येक शब्द त्याच क्रमाने खाली उतरवा. एका बोलीत क्रम एक, शेजारच्या खोऱ्यात दुसरा असं केलं, तर दोन पोटबोली फुकटात मिळतात.

खरी मजा प्रत्ययांत आहे. जुन्या भाषेत अनेकवचनाला 'ना' लागतो असं धरू : पलातोना, दस्मूना, सुकिराना. हेच चार नियम लावले की पलादोन, दामून, सुजिरान. आजच्या बोलणाऱ्याला दिसतं ते असं : पलादचं अनेकवचन पलादोन, दामचं दामून, सुजिरचं सुजिरान. एकाला ओन, दुसऱ्याला ऊन, तिसऱ्याला आन. का, ते त्याला सांगता येणार नाही, पाठच करावं लागेल. 'घर' आणि 'घराला' यांच्यामधला 'आ' जुन्या षष्ठीचा असाच उरलेला तुकडा आहे. हा अनियमितपणा हाताने पेरायला गेलं तर कृत्रिम दिसतो, नियमांतून आला तर खरा वाटतो.

एक सूट ठेवा. मराठीत कान आहे तसा कर्णही आहे, पान आहे तसं पर्णही. पोथीतला शब्द नियमांना चुकवून मागच्या दाराने परत येतो. तुमच्या शेतकऱ्याच्या तोंडी 'दाम' असू द्या, पुजाऱ्याच्या तोंडी 'दस्मू'.

वहीत तीन रकाने पुरतात : जुना शब्द, नवा शब्द, अर्थ. सहाहून जास्त नियम करू नका. शंभराव्या शब्दाला तुम्हीच विसराल. आणि आवडता शब्द बिघडतो म्हणून त्याला नियमातून वगळू नका. तसं वाटलंच तर जुना शब्द बदला.

प्रश्न : आमच्या भागात गोंडी, कोरकू बोलतात. त्यांचे शब्द थोडे फिरवून माझ्या जंगलातल्या राक्षसांना दिले तर चालेल काय?
— एक वाचक, धारणी (जि. अमरावती)

उत्तर : नाही. तुमचा वाचक आठवडी बाजारात ज्या माणसाशेजारी उभा राहतो, त्याची मायबोली राक्षसाच्या तोंडी घालणं हा त्या माणसावर अन्याय आहे. शिवाय ती भाषा येणारा वाचक पहिल्याच पानावर ओळखेल.

शब्द नकोत, यंत्रणा मात्र पाहा. एवढ्या जवळजवळच्या गावांत इतकी वेगवेगळी व्याकरणं फार थोड्या ठिकाणी ऐकायला मिळतात. मराठी आणि हलबी आर्यकुळातल्या, गोंडी, माडिया आणि कोलामी द्राविड, कोरकू मुंडा कुळातली. बुलढाण्याच्या जळगाव जामोद तालुक्यातली निहाली तर कोणत्याच कुळात खात्रीने बसवता आलेली नाही, आणि ती बोलणारे काही हजारच आहेत. कोरकूत एकवचन आणि अनेकवचन यांच्या मध्ये द्विवचन आहे. 'कू' हा तिथला अनेकवचनाचा प्रत्यय, तो 'कोरकू' या नावातच आहे. गोंडीत लिंगाची विभागणी पुरुष एका बाजूला, बाकी सगळं दुसऱ्या बाजूला अशी आहे. मराठीत ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही' आहे. हिंदीत दोन्हींना 'हम'च. आता द्विवचन आणि आपण-आम्ही यांची सांगड घाला : आपण दोघं, आम्ही दोघं, आपण सगळे, आम्ही सगळे, अशी चार सर्वनामं. फितुरीच्या प्रसंगात एखादं पात्र 'आपण'वरून 'आम्ही'वर सरकलं, की त्याने बाजू बदलली हे वाचकाला सांगावं लागत नाही.

प्रश्न : झाडीपट्टीसाठी नाटक लिहून राहिलो. त्यात दुसऱ्या लोकातले दोघं त्यांच्याच भाषेत बोलतात. नट विसरतात, प्रेक्षकाले कळत नाही, नको तिथं हशा पडतो.
— एक लेखक, देसाईगंज-वडसा (जि. गडचिरोली)

उत्तर : रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात प्रेक्षकाला नवी भाषा शिकवायला वेळ असतो, तो वापरा. सगळ्या नाटकात मिळून बारा ते पंधरा वाक्यं, चाळीसेक शब्द, यापुढे जाऊ नका. महत्त्वाचा शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा हातात वस्तू किंवा समोर हावभाव हवा. पाणी मागणारा शब्द लोटा पुढं करूनच यावा, मग दुसऱ्या अंकात लोट्याशिवाय आला तरी मागच्या रांगेला कळतो. प्रत्येक महत्त्वाचा शब्द तीनदा तरी ऐकू यावा. वाक्य पाच शब्दांच्या आत ठेवा.

शब्द स्वरान्त करा. मोकळ्या मांडवात 'मारो', 'तिले' दूरवर पोचतात. 'मार्त्', 'तिल्क्' माईकसमोरच विरतात. फ आणि भ तोंडाजवळच्या माईकवर फुटतात, ते शक्यतो गाळा.

नट विसरतो कारण त्याला अर्थाचा आधार नसतो. त्याच्या प्रतीत तीन ओळी द्या : वर नव्या भाषेतलं वाक्य, मध्ये शब्दाखाली शब्द असा अर्थ, खाली सरळ मराठी. प्रॉम्प्टरकडेही तीच प्रत हवी. शिवाय कुठंही खपतील असे तीन भरतीचे उद्गार ठरवून द्या. ओळ हुकली की नट त्यांतला एक फेकतो आणि सावरतो. नाही तर तो 'हुल्लू बुल्लू' सुरू करतो आणि तुमची भाषा तिथंच संपते.

हशाचं कारण बहुधा एखादा शब्द स्थानिक शिवीच्या किंवा अवयवाच्या नावाच्या जवळ जातो हे असतं. तालमीआधी यादी मोठ्याने वाचून घ्या. ऐकायला झाडी, वऱ्हाडी, हिंदी आणि गोंडी येणारी माणसं बसवा. कागदावर हे सापडत नाही.

प्रश्न : मोजणी दहाचीच ठेवावी का?
— एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : गरज नाही. कोडी म्हणजे वीस, 'तीन विसा' म्हणजे साठ, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. विसाची मोजणी घेतली तर 57 म्हणजे 'दोन विसा सतरा'. वजाबाकीही वापरता येते : एकोणीस, एकोणतीस ते एकोणनव्वदपर्यंत आपण पुढच्या दशकातून एक काढतो आणि नव्व्याण्णवला येऊन तो नियम सोडतो. अशी एखादी मोड तुमच्याही मोजणीत असू द्या. फक्त शंभरापर्यंतची यादी आधी लिहून काढा, नाही तर सैन्याची संख्या प्रत्येक प्रकरणात बदलेल.

प्रश्न : भाषा पूर्ण करायला वेळ नाही. निदान नकाशावरची गावांची नावं तरी एकाच भाषेतली वाटावीत, यासाठी काय करावं?
— एक वाचक, पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : बऱ्याच कादंबऱ्यांना एवढंच पुरतं. आपल्याच नकाशाकडे पाहा : बोरगाव, पळसगाव, सावरगाव, पिंपळखुटा. झाड आणि एक शेपूट. एकाच नावाची दोन गावं झाली की बुद्रुक आणि खुर्द, म्हणजे थोरलं आणि धाकटं. हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले, कारण महसुलाचे कागद त्या भाषेत होते.

तुम्ही बारा धातू घ्या (झाडं, पाणी, दगड, रंग) आणि सहा शेपटं (गाव, टेकडी, उतार, झरा, गढी, बाजार). बहात्तर नावं तयार होतात. मग शिलालेखांबद्दलच्या उत्तरातल्यासारखे दोन-तीन ध्वनिनियम लावून ती झिजवा. मोठ्या, जुन्या गावांना जास्त झिजवा, कारण ती जास्त तोंडांतून गेलेली असतात; कालच्या वस्तीचं नाव सुटं-सुटं ओळखू यावं. प्रत्येक नावाचा अर्थ कथेत फोडून सांगू नका.

शेवटी पाच-सहा नावं अशी ठेवा की त्यांना यांपैकी कुठलाच नियम लागू पडत नाही. ती आधीच्या लोकांची. आणि ती गावांना देण्याऐवजी नद्यांना द्या : राज्य बदललं की गावाचं नाव बदलतं, नदीचं बहुधा तेच राहतं.